पुरातली जपमाळ: आशीर्वाद राहिला का गेला?

प्रश्न: आम्ही सांगलीचे कॅथलिक. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा आईची जपमाळ चिखलात गेली, नंतर सापडली पण साखळी तुटलेली आणि आठ-दहा मणी गायब. आई आता नाही, माळ डब्यात तशीच आहे. जाऊबाई म्हणतात कृष्णेत सोडून दे. शेजारच्या काकू प्रोटेस्टंट आहेत, त्या म्हणतात हा ताईतच झाला की. फादरनी दिलेला आशीर्वाद अजून आहे का, आणि मी करू काय?

उत्तर: ताई, पहिलं सांगते, नदीत सोडू नका. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तेवढ्या पाण्यातनं आईची माळ तुमच्या हाताला लागली, ती परत पाण्यात कशाला घालायची.

आता आशीर्वादाचं. बऱ्याच जणांना वाटतं फादरनी पवित्र पाणी शिंपडलं की वस्तूत काहीतरी भरतं, मोबाईल चार्ज केल्यासारखं, आणि वस्तू तुटली की ते उतरतं. तसं नसतं हो. साक्रामेंत, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न असे चर्चचे मुख्य पवित्र विधी, सात आहेत, त्यांत ख्रिस्त स्वतः कृपा देतो. जपमाळ, पदक, स्कॅपुलर (गळ्यात घालायचे कापडाचे पवित्र तुकडे), पवित्र पाणी ह्या गोष्टी वेगळ्या, कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाच्या, १६७० व्या परिच्छेदात सरळ लिहिलंय की त्या साक्रामेंतासारखी कृपा देत नाहीत, चर्चच्या प्रार्थनेमुळे ती कृपा घ्यायला आपल्याला तयार करतात. म्हणजे जोर प्रार्थनेचा, मण्यांचा नाही.

म्हणूनच काकूंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, आणि उडवूनही लावू नका, कारण आपल्यातही तसं होतं, जपमाळ गाडीच्या आरशाला लटकवायची आणि वर्षभरात त्यावरची एक नमो मारिया प्रार्थना म्हणायची नाही, नुसती लटकतीय म्हणून अपघात होणार नाही असं धरून चालायचं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. बाहेरच्या कृतीलाच ताकद आहे आणि मनाचा संबंध नाही असं मानणं ही अंधश्रद्धाच, हे कॅटेकिझमच २१११ मध्ये सांगतो. पण काकूंना बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय काढून दाखवा, बारा वर्षं रक्तस्रावानं त्रासलेली बाई येशूच्या कपड्याला शिवते आणि बरी होते, येशू तिला म्हणतो तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं, कापडाला शिवलीस कशाला म्हणून रागवत नाही. हात लावायला काहीतरी लागतं माणसाला. तुमची आई त्या मण्यांवर तुमच्यासाठीच किती वेळा जपली असेल, ते ताईतात कुठनं येणार?

आता माळेचं. चर्चच्या नियमाप्रमाणे वस्तू पूर्ण नष्ट झाली किंवा विकली, तरच तिच्याशी जोडलेली पापदंडाची सूट (माफ झालेल्या पापाची उरलेली शिक्षा कमी होणं) संपते, त्यामुळं साखळी बदलली, थोडे मणी नवे घातले तरी चालतं. मनाला रुखरुख वाटली तर फादरांकडून परत आशीर्वाद घ्या, त्यात काही चूक नाही. अगदीच जोडता येईना तर कचऱ्यात टाकू नका, चर्चच्या कायद्याचं ११७१ वं कलम म्हणतं आशीर्वादित वस्तू घरची असली तरी आदरानंच वापरायची. आपल्यात अशा वस्तू जाळतात किंवा स्वच्छ जागी पुरतात.

पण मला वाटतं ती जोडाच. नवे मणी रंगाला जुळले नाहीत तरी असू देत. ओवताना लहान ५३ आणि मोठे ६ मोजून घ्या, आणि ७ ऑक्टोबरला जपमाळेच्या राणीचा, म्हणजे मारियामातेचा सण असतो, त्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून त्याच माळेवर जपा.