जडत्व म्हणजे नेमके काय, आणि रोजच्या लेखनात हा शब्द कसा वापरावा?

जडत्व म्हणजे पदार्थाचा असा गुणधर्म, की ज्यामुळे बाहेरून असंतुलित बल लागू होईपर्यंत स्थिर वस्तू स्थिरच राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने, त्याच सरळ रेषेत पुढे जात राहते. न्यूटनने १६८७ साली मांडलेला गतीचा पहिला नियम हेच सांगतो, म्हणून त्याला जडत्वाचा नियमही म्हणतात. वस्तुमान हे जडत्वाचे माप असल्यामुळे भरलेला ट्रक रिकाम्या ट्रकपेक्षा हलवायलाही कठीण आणि थांबवायलाही. धावत्या बसने करकचून ब्रेक लावला की उभा प्रवासी पुढे झेपावतो, तेव्हा त्याला पुढून कोणी ओढत नसते. फरशीशी होणाऱ्या घर्षणामुळे त्याचे पाय बसबरोबर मंदावतात, धड मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहते. बसलेल्या प्रवाशाच्या धडाला थांबवणारे बल सीटबेल्ट पुरवतो. जडत्व स्वतः बल नाही, त्यामुळे ‘जडत्वाच्या जोराने पडला’ ही वाक्यरचना (वर्तमानपत्रांतही ती दिसते) टाळलेली बरी.

लाक्षणिक अर्थाने ‘प्रशासकीय जडत्व’, ‘विचारांचे जडत्व’ असे प्रयोग रूढ आहेत आणि ते योग्यही आहेत, फक्त तिथे आळस एवढाच अर्थ घेऊ नये: उपयोग संपलेली एखादी योजना केवळ आजवर चालत आली म्हणून चालू ठेवली जाते, तेव्हा तेही जडत्वच असते.