मुलाला काहीच त्रास नाही, तरी शाळेत देतात ती जंताची गोळी द्यावी का?

हो, द्या, कारण जंत असलेल्या बऱ्याच मुलांना बाहेरून काहीच जाणवत नाही. हूकवर्म नावाचा जंत आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. मूल फिकट पडतं, लवकर दमतं, आणि आपल्याला वाटतं नीट जेवत नाही म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाच आहे की जिथे २० टक्के किंवा जास्त मुलांना मातीतून होणारे जंत आहेत तिथे प्रत्येकाची शी न तपासता सरसकट औषध द्यावं. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन त्यासाठीच होतो. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही चुरून पाण्यातून. मोठ्या मुलांनी चावूनच खायची, अख्खी गिळली तर घशात अडकू शकते. नंतर जरा मळमळलं किंवा पोटात दुखलं तर घाबरू नका, जंत जास्त असले की असं होतं. मात्र मूल त्या दिवशी आजारी असेल किंवा त्याला फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. शिवाय गोळी पोटातले जंत मारते, नवे येणं थांबवत नाही; शौचाला आणि मातीत खेळायला जाताना पायात चप्पल हवीच.