शेवाळापासून डिझेल बनवायचंय, मग अकरावीत मॅथ्स सोडायचं का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. लेक अकरावी सायन्सला आहे, शेवाळापासून गाडीचं इंधन बनवायचं तिने मनावर घेतलंय, त्यासाठी बायोटेकच करायचं म्हणून मॅथ्स सोडते म्हणतेय आणि तुम्ही विचारताय सोडू द्यावं का. अजिबात नको.

शेवाळ वाढतं हो, खरी गोची पुढे आहे. उघड्या तळ्यात वाढवलं तर लिटरभर पाण्यात सुकं शेवाळ मिळतं जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम, बाकी सगळं पाणीच, ते काढायचं, मग तेल वेगळं करायचं, त्याचं डिझेल करायचं, वीज आणि पैसा यातच जातो. बरं, शेवाळातलं तेल वाढावं म्हणून त्याचं नायट्रोजनचं खाद्य बंद केलं तर शेवाळाची वाढच मंदावते! अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ यावर संशोधन चालवलं आणि खर्च परवडेना म्हणून थांबवलं, एक्सॉनमोबिलसारखी बडी तेल कंपनी २००९ ला यात उतरली आणि २०२३ पर्यंत बाहेर पडली. तरी काम संपलेलं नाही, जपानमध्ये २०२१ ला शेवाळाचं इंधन मिसळून प्रवासी विमानं उडाली आहेत.

म्हणजे अडलंय ते पंप, गाळणी, उष्णता, खर्च याच्या गणितात, आणि हे केमिकल इंजिनिअरिंगमध्ये शिकवतात, त्याच्या सीईटीला मॅथ्स लागतं. म्हणून पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो, चारही ठेवा. मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) जैवइंधनावर वेगळं केंद्रच आहे, तिथे केमिकल मिळालं तर सोनंच. पुण्याच्या प्राज कंपनीचं जैवइंधन मिसळून मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमान गेलं, ते शेवाळाचं नव्हतं, पण नोकऱ्या अशाच ठिकाणी निघतील, कारण २०२७ पासून आंतरराष्ट्रीय विमानांत १ टक्का असं इंधन मिसळायचं सरकारचं टार्गेट आहे. फक्त शेवाळावर पोट भरेल असं धरून चालू नका, डिग्री मोठ्या दाराची घ्या.

तिला खरंच लॅबमध्येच रमायचं असेल तर बीएस्सी मायक्रो, एमएस्सी, मग भावनगरच्या सीएसएमसीआरआय या मीठ आणि समुद्री रसायनांवरच्या सरकारी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पीएचडी, हाही रस्ता चांगला आहे, पण लांबचा आहे, घरी तेवढी तयारी हवी.

आणि एक, मॅथ्स जड जातंय म्हणून सोडतेय का हे तिला शांतपणे विचारा, ओरडू नका. तसं असेल तर चांगली शिकवणी लावा आणि विषय बदलायचा अर्ज पहिली सहामाही होईपर्यंत देऊ नका.