उद्या पुन्हा त्याच गोठ्यात जा

प्रिय होणाऱ्या डॉक्टरास,
अनेक आशीर्वाद.

इंटर्नशिपचे काही महिने पुणे जिल्ह्यात काढणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. या वर्षात सर्वांत जास्त कशावर भर द्यावा, असं विचारलं आहेस. माझं सांगणं एकच: आज ज्या जनावराला औषध दिलंस, त्याला उद्या पुन्हा बघ. फोनवर विचारून नव्हे, तिथं जाऊन. फोनवर बहुतेक मालक ‘फरक आहे, डॉक्टर’ म्हणतात. कुणी भिडेपोटी म्हणतो, कुणी रात्रीतून दुसऱ्या डॉक्टरला बोलावलेलं असतं म्हणून.

दौंड, शिरूर, इंदापूरकडे संकरित गाई भरपूर आहेत, त्यामुळं मिल्क फिव्हर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून होणारा आजार, तुला दिसणारच. व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत गाय बसते, मान वळवून कुशीवर टाकते, कान गार पडतात. कॅल्शियम शिरेतून सावकाश सोडायचं, स्टेथोस्कोप हृदयावरून काढायचा नाही, ठोके बिघडले की लगेच थांबायचं. बघता बघता गाय ढेकर देते, शेण टाकते, उठून उभी राहते. घरातली सगळी माणसं तुझ्याकडं कौतुकानं बघतात. आपला केसपेपर इथंच संपतो, आणि माझी तक्रार त्यालाच आहे. काही गाई एक-दोन दिवसांत पुन्हा बसतात. काही उठतच नाहीत, कारण फरशीवर तासन्‌तास एकाच कुशीवर पडून त्या पायाचे स्नायू आणि नसा स्वतःच्याच वजनाखाली दबलेल्या असतात. तिथं बाटल्यांवर बाटल्या लावून काही होत नाही. खाली पेंढ्याचा जाड थर घालायचा, दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, चारा-पाणी तोंडाशी द्यायचं. हे घरच्यांकडून करून घेणं हाच तिथला उपचार असतो, आणि दुसऱ्या दिवशी गेल्याशिवाय त्यांनी काय केलं ते कळत नाही.

गेल्यावर नुसतं ‘चारा खाते का’ विचारून परतू नकोस. तपासणी पहिल्यापासून कर. ताप घे, डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबून दोन मिनिटं थांब. निरोगी गाईचं कोठीपोट, म्हणजे पोटाचा सर्वांत मोठा कप्पा, तेवढ्यात दोन-तीनदा हलतं. चारही सडांच्या धारा काढून बघ. बसून राहिलेल्या गाईला दगडी, म्हणजे कासेचा दाह, लवकर होते. अँटिबायोटिक दिलं असेल, तर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते घरातल्या धार काढणाऱ्या माणसाला सांग. बऱ्याच घरी ती बाई असते आणि आपण बोलत असतो दारात उभ्या असलेल्या पुरुषाशी.

शहरात कुत्र्यांचंही तेच. गोचीड ताप आला, त्यात एर्लिकिया हा जंतू निघाला, तर डॉक्सीसायक्लीन साधारण २८ दिवस द्यावी लागते. कुत्रं चार-पाच दिवसांत खायला लागतं आणि गोळ्या बंद होतात. म्हणून पुढची तारीख ठरवूनच त्यांना दवाखान्यातून पाठव, आणि आले की प्लेटलेट्स पुन्हा तपास.

ड्युटी बदलली की केस हातातून सुटते, ही अडचण खरी आहे. एक वही कर. डाव्या पानावर पहिल्या दिवशी काय आढळलं आणि तुला काय वाटलं ते लिही, उजवं पान दुसऱ्या भेटीसाठी कोरं ठेव. स्वतःला जाता आलं नाही, तर पुढच्या इंटर्नला ती केस जनावरापाशी उभं राहून समजावून दे.

जनावर दगावलं तरी जा. मालकाला तोंड दाखवणं जड जातं, पण शवविच्छेदनाची परवानगी तिथंच मागता येते. पुण्याच्या आसपास उकिरड्यावर चरणाऱ्या गाईंच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडतात, जाळीपोटातून, म्हणजे पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून, हृदयाकडं गेलेली तार सापडते. चार दिवस दिलेली औषधं का लागू पडली नाहीत, ते तेव्हा डोळ्यांना दिसतं. एक गोष्ट मात्र कधीही विसरू नकोस: जनावर अचानक मेलं असेल आणि नाका-तोंडातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर सुरी लावायची नाही. तो अँथ्रॅक्स, म्हणजे माणसालाही होणारा जीवघेणा संसर्ग, असू शकतो. वरिष्ठांना कळव, त्यांच्या देखरेखीखाली कानाच्या शिरेतून रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरचा पातळ थर, घेऊन तपासायला पाठवता येतो. औंधला आपला रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना कसा घ्यायचा, कसा बांधायचा, हे तिथल्या लोकांना आधीच विचारून ठेव.

वार अडकलेल्या गाईला उघड्या हातानं हात घालू नकोस, माणसालाही होणाऱ्या ब्रुसेला या संसर्गाची भीती असते. लाळ गाळणाऱ्या, सारखं हंबरणाऱ्या जनावराच्या तोंडात तर नाहीच नाही. रेबीजची प्रतिबंधक लस घेतली नसशील, तर इंटर्नशिपला येण्याआधी ती पूर्ण कर. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असे डोस असतात, म्हणजे तीन-चार आठवडे जातात. या आठवड्यातच सुरुवात कर.

कळावे,
तुझे सर