वाचकांचे प्रश्न : परदेशात इंग्रजी शिकवून हाती काय उरते?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून अलीकडे आलेल्या पत्रांत परदेशी शाळांमधील इंग्रजी शिक्षकांच्या नोकऱ्यांविषयी इतके प्रश्न आले आहेत की या अंकातील सदर आम्ही त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. हिशेबाच्या सोयीसाठी दिरहमाचा (दुबई-शारजाच्या चलनाचा) भाव सर्वत्र २४ रुपये धरला आहे.

प्रश्न : मी एम.ए., बी.एड. असून चिपळूणमधील एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नऊ वर्षे इंग्रजी शिकवते. पगार २२ हजार रुपये आहे. दुबईतील भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेने मला महिना ४,००० दिरहम देऊ केले आहेत. म्हणजे ९६ हजार रुपये होतात. यजमान आणि सातवीतील मुलगी सध्या इथेच राहतील. ऑफर लेटरची प्रत सोबत जोडली आहे. जावे का? – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : पगाराला चोवीसने गुणून आलेला आकडा आपल्या निर्णयाला फारसा उपयोगी पडणार नाही. पगार दिरहमात मिळणार आहे तसा खर्चही दिरहमातच होणार आहे. रुपये व्हायचे ते फक्त महिनाअखेरीस उरलेल्या रकमेचे. त्यामुळे सर्वांत आधी पाहायचे ते हे की राहण्याची जागा कोण देणार. आपण पाठवलेल्या पत्रात 'बेसिक २,४००' आणि त्याखाली 'अलाउन्सेस १,६००' अशा दोनच ओळी आहेत आणि शाळा जागा देईल असा उल्लेख कुठेही नाही. याचा अर्थ घरभाडे त्या १,६०० मध्येच धरलेले आहे.

या पगारात दुबईत स्वतंत्र घर घेणे परवडणारे नाही. वर्षभराचे भाडे पुढील तारखांच्या मोजक्या धनादेशांनी चुकते करण्याची तिथे रीत आहे आणि नव्याने गेलेल्या माणसाकडे एवढी रक्कम आरंभी नसते. म्हणून एकट्या राहणाऱ्या अनेक शिक्षिका शारजात किंवा दुबईच्या जुन्या वस्तीत खोली वाटून घेतात. त्याला तिथे 'बेडस्पेस' म्हणतात : एक खाट, एक कपाट आणि सामाईक स्वयंपाकघर. त्याचे वीजपाण्यासह १,००० दिरहम धरा. जेवण घरी करून ६५०, फोन आणि प्रवास ३००, औषधपाणी व किरकोळ ३००. एकूण खर्च २,२५०, शिल्लक १,७५०, म्हणजे ४२ हजार रुपये.

मात्र ४२ हजार ही आपली वाढीव कमाई नव्हे. आपला आजचा पगार घरखर्चालाच जातो असे आपण पत्रात लिहिले आहे, आणि आपण गेल्यावर मुलीची फी, सासूबाईंची औषधे किंवा वाण्याचे बिल थांबणार नाही. ते २२ हजार पाठवल्यावर खरी भर पडते ती महिना वीस हजारांची, वर्षाला २ लाख ४० हजारांची. त्यातूनही पहिल्या वर्षी कागदपत्रांचा खर्च आणि सुरुवातीच्या महिन्याची उसनवारी वजा जाईल. दुबई ज्यात येते तो संयुक्त अरब अमिराती हा देश अपोस्टिल कराराचा (एकाच शिक्क्यावर परदेशी कागदपत्रे मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) सदस्य नाही; त्यामुळे पदवी आणि बी.एड.चे प्रमाणपत्र आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय आणि त्यानंतर त्या देशाचा दूतावास अशा क्रमाने साक्षांकित करून घ्यावे लागते. चिपळूणहून मुंबईला किती खेपा होतील याचा अंदाज घेऊन हे काम आधीच सुरू करावे.

'बेसिक' म्हणजे मूळ वेतन कमी ठेवून बाकीची रक्कम भत्त्यांत दाखवणे हे शाळा उगीच करत नाहीत. तिथल्या कायद्यानुसार नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर काढतात : वर्षभराची सेवा पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे आणि पुढे दर वर्षामागे ३० दिवसांचे मूळ वेतन. २,४०० वर हे वर्षाला १,६८० दिरहम होतात. पूर्ण ४,००० मूळ वेतन असते तर २,८०० झाले असते. पाच वर्षांत हा फरक ५,६०० दिरहमांचा, म्हणजे १ लाख ३४ हजार रुपयांचा होतो. वाटाघाटीत मूळ वेतन ३,००० करून मागण्यास काहीच हरकत नाही. महिन्याचा एकूण आकडा तोच राहत असल्याने शाळाही त्याला सहसा लगेच नकार देत नाही.

आणखी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार पहिल्या वर्षीही मिळणार का? येण्याजाण्याचे तिकीट वर्षाआड की दर वर्षी? शाळेच्या बसमधून शिक्षकांना जाता येते का? परिवीक्षेचा काळ कायद्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि व्हिसा व भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. तो पगारातून कापणे बेकायदेशीर आहे. आरोग्य विमाही मालकानेच द्यायचा आहे.

मुलीला पुढे नेण्याचा विचार असल्यास एक अट लक्षात ठेवावी. कुटुंबाला आपल्या व्हिसावर घेण्यासाठी महिना ४,००० दिरहम, किंवा राहण्याची जागा मिळत असेल तर ३,००० दिरहम वेतन लागते. आपण ती अट काठावर पूर्ण करता, परंतु कागदावर बसणे वेगळे आणि त्या पैशांत दोघींनी राहणे वेगळे. शिकवण्यांच्या भरवशावर राहू नये. डिसेंबर २०२३ पासून खासगी शिकवणीसाठी तिथे रीतसर परवाना मिळतो आणि त्याला शुल्क नाही, पण परवान्याशिवाय शिकवल्यास दंड होतो.

माझे मत स्पष्ट सांगतो. शाळा जागा देत असेल, मग ती दोघींत एक खोली का असेना, तर अवश्य जावे. जागा देत नसेल तर ५,००० च्या खाली जाऊ नये. नऊ वर्षांचा अनुभव आणि बी.एड. असलेल्या शिक्षिकेने एवढे मागणे हा लोभ नाही.

प्रश्न : मी देवगडचा. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो असून १२० तासांचा ऑनलाइन टेफेल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. जपान किंवा दक्षिण कोरियात शिक्षकाची नोकरी मिळेल का? तिथे पगार दोन लाखांच्या घरात असतो असे ऐकतो. – एक पदवीधर, देवगड

उत्तर : आपल्याला निराश करण्याची इच्छा नाही, परंतु या दोन्ही देशांत पगाराच्या आधी पासपोर्ट पाहिला जातो. दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकांचा व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात भारतीयांसाठी एक वाट ठेवली आहे, पण ती सरकारी शाळांतील साहाय्यक शिक्षकपदापुरती आहे आणि तिला इंग्रजीची पदवी व शिक्षकाची अर्हता अशा दोन्ही गोष्टी लागतात. बी.एड. नसताना त्या वाटेने जाता येत नाही.

जपानमधील सरकारी शाळांत शिकवण्यासाठी जो व्हिसा लागतो, त्याच्या अटींत इंग्रजी माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असणे ही एक अट आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, पण ती गुणपत्रिका मराठी माध्यमाची असेल तर तिथल्या अधिकाऱ्यापुढे तिचा उपयोग होत नाही. नियम माझ्या मते आंधळा आहे, कारण मराठी शाळेतून आलेले कितीतरी शिक्षक उत्तम इंग्रजी शिकवतात. तरीही अर्ज करताना तो आहे असे धरूनच चालावे लागेल. आपण ऐकलेला पगार बहुधा शाळांत परदेशी साहाय्यक शिक्षक नेमणाऱ्या जपान सरकारच्या जेट कार्यक्रमाचा असावा. तिथे एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचे वार्षिक मानधन सुमारे ४०,२०,००० येन, म्हणजे महिना ३,३५,००० येन आहे, आणि कर, विमा व निवृत्तिवेतनाची वर्गणी त्यातून जाते. मध्यस्थ कंपन्यांमार्फत नेमलेल्या साहाय्यक शिक्षकांना याहून बरेच कमी मिळते आणि शाळा बंद असलेल्या महिन्यांत पगार घटतो. शिवाय जपानमध्ये घर घेताना अनामत रकमेबरोबर घरमालकाला परत न मिळणारी भेटरक्कमही पुष्कळ ठिकाणी द्यावी लागते, त्यामुळे पहिल्या महिन्यात भाड्याच्या तीन-चार पट पैसे हाताशी असावे लागतात.

थायलंड आपल्याला तुलनेने जवळचे आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा शिक्षकांकडून तिथे सामान्यतः टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० गुण मागतात. मात्र एकाच शाळेत, त्याच तासिकांसाठी, ब्रिटिश शिक्षकापेक्षा भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाला कमी पगार देण्याची प्रथा सर्रास आहे, आणि जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा आपल्यासाठी नसतो. मुलाखतीतच 'भारतीय पासपोर्टवर किती?' असे विचारावे. माझा सल्ला असा की दोन वर्षे बी.एड.ला द्यावीत. टेफेलच्या प्रमाणपत्रापेक्षा ती पदवी आखातापासून मालदीवपर्यंत अधिक दरवाजे उघडते.

प्रश्न : माझ्या मुलीला मालदीवमधील एका बेटावरच्या शाळेत इंग्रजी शिक्षिकेची नोकरी मिळत आहे. राहण्याची सोय आहे. पैसे घरी पाठवण्यात अडचण येते असे कानावर आले. खरे आहे का? – एक पालक, गुहागर

उत्तर : खरे आहे, आणि मालदीवच्या बाबतीत हाच मुख्य प्रश्न आहे. पगार रुफियात मिळतो. डॉलरचा अधिकृत दर १५.४२ रुफिया इतका बांधलेला आहे, परंतु त्या दराने हवे तितके डॉलर बँकेत मिळत नाहीत. बँका दरमहा पाठवण्याच्या रकमेवर मर्यादा घालतात आणि ती मर्यादा वेळोवेळी बदलते. मर्यादेपलीकडचे डॉलर बाहेरून घ्यायचे तर १५.४२ पेक्षा बरेच जास्त रुफिया मोजावे लागतात, म्हणजे पगार न बदलताही कमी होतो. मुलीने होकार देण्यापूर्वी तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या भारतीय शिक्षिकेला, आज बँकेतून महिन्याला किती रक्कम जाते, एवढेच विचारावे.

लहान बेटावर खर्च कमी होतो, कारण करण्यासारखे फारसे काही नसते. भाजीपाला, फळे बोटीने येतात आणि महाग पडतात. मासळी मात्र मुबलक आणि ताजी मिळते, त्यामुळे गुहागरच्या मुलीचे जेवणावाचून अडू नये.

प्रश्न : जुबैलच्या शाळेत ५,००० रियाल पगार ठरला आहे. पत्नी आणि दोन मुलांना सोबत नेता येईल का? – एक शिक्षक, खेड

उत्तर : नेता येईल, पण सौदी अरेबियात प्रत्येक अवलंबितामागे महिना ४०० रियाल शुल्क आहे. तिघांचे १,२०० रियाल महिना, म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल होतात आणि इकामा (निवास परवाना) काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना ते आगाऊ भरावे लागतात. ५,००० पैकी जवळजवळ चौथा हिस्सा असा जाईल. शाळा हे शुल्क भरत नसेल तर पहिले वर्ष एकट्याने काढावे.

प्रश्न : इंग्लंडमध्ये भारतीय शिक्षकांना थेट मान्यता मिळू लागली आहे असे वाचले. मी इंग्रजीची शिक्षिका आहे. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही नव्या देशांच्या शिक्षकांसाठी ही सोय झाली, पण ती गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरती आहे, आणि त्या भाषांत इंग्रजी धरलेली नाही. सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेरचा आरंभीचा पगार वर्षाला ३२,९१६ पौंड असला, तरी त्या मार्गाने तो आपल्या वाट्याला येत नाही.

प्रश्न : एजंट कुवेतच्या नोकरीसाठी दीड लाख मागतो आहे. 'तोवर व्हिजिट व्हिसावर पाठवतो' असेही म्हणतो. – एक शिक्षक, दापोली

उत्तर : देऊ नयेत. नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी घेता येतो. त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. व्हिजिट व्हिसावर नोकरी करणे बेकायदेशीर आहे. पगार थकला तर अशा माणसाला दाद मागायला जागा उरत नाही.

प्रश्न : शारजातील शाळा ऑगस्टअखेर सुरू होते. घरचा गणपती करून सप्टेंबरात गेलो तर चालेल असे शाळा म्हणते. भारतात कर भरावा लागेल का? – एक शिक्षक, कुडाळ

उत्तर : नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर तो अनिवासी ठरतो आणि तिथे मिळवलेल्या पगारावर इथे कर लागत नाही. १ एप्रिलपासून मोजल्यास २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस भरतात. गणपती विसर्जन करून त्याच्या आत निघालात आणि ३१ मार्चपर्यंत परत आला नाहीत, तर प्रश्न नाही. मे महिन्यात आंबे खायला यायचे झाल्यास ते दिवस पुढच्या वर्षाच्या हिशेबात धरले जातील. दिवाळीनंतर निघालात तर मात्र ते वर्ष निवासी म्हणून मोजले जाईल, तिथला पगार विवरणपत्रात दाखवावा लागेल आणि शारजात उघडलेल्या बँक खात्याची माहितीही त्यात द्यावी लागेल. निघण्यापूर्वी कुडाळच्या बँकेत जाऊन बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयाचे इथल्या उत्पन्नासाठीचे) करून घ्यावे आणि पैसे पाठवण्यासाठी वेगळे एनआरई (परदेशातील कमाईसाठीचे) खाते उघडावे. एनआरई खात्यावरील व्याज करमुक्त असते.