बी.लिब. करतोय. एएसीआर-२ शिकू की आरडीए? आणि कॅटलॉगिंगला पुढे काही भवितव्य आहे का?

(बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी. कॅटलॉगमध्ये पुस्तकाची नोंद कशी करायची हे सांगणारी जुनी नियमसंहिता एएसीआर-२, नवी आरडीए. ती नोंद कम्प्यूटरवर ठेवायचा साचा म्हणजे मार्क.) प्रश्नकर्त्याने खाली खुलासाही केलाय: वर्गात अजून एएसीआर-२ प्रमाणे कार्डं करायला लावतात, नोकरीच्या जाहिरातींत आरडीए आणि मार्क मागतात, आणि सीनियर सांगतात की आता हे सगळं एआय करणार, उगीच डोकं शिणवू नकोस.

आधी उत्तर देऊन टाकते, कारण पुढे मी भरकटणार हे मला माहीत आहे. परीक्षा एएसीआर-२ ची असेल तर एएसीआर-२ शिका. टायटल पेजवरून काय उचलायचं, कुठून उचलायचं ही नजर त्यातूनच येते. ती आली की आरडीएतली नोंद करायला जड जात नाही, फक्त त्यामागचा विचार वेगळा समजून घ्यावा लागतो. आणि सीनियरना विचारा, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर हा एकच माणूस, हे त्या एआयला कळलं कुठून? कोणीतरी ते आधी लिहून ठेवलं म्हणून. ते लिहून ठेवणं म्हणजेच आमचं काम.

आता माझं दुखणं. बडोद्यात मराठी पुस्तकांचे संग्रह बऱ्याच ठिकाणी आहेत. त्यातल्या एका ठिकाणी मी मराठी विभागात कॅटलॉगर होते. जागेचं नाव विचारू नका. कॅबिनेटमधली निम्मी मराठी कार्डं माझ्या हातची, उरलेली माझ्या आधीच्या बाईंच्या सुरेख अक्षरातली. मग संगणकीकरणाचा निधी आला आणि डेटा एन्ट्रीचं कंत्राट एका एजन्सीला गेलं. पैसे नोंदीमागे. एक दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात आलं की त्याला मिळतो तो), एक नोंद. काम झटपट सुरू झालं आणि चार दिवसांत मला दिसलं की एजन्सीची मुलं काही कार्डं बाजूला काढून रबरबँड लावून खोक्यात टाकतायत. ही कुठली? तर 'पाहा' आणि 'हेही पाहा'ची सगळी संदर्भ कार्डं. त्यांच्यावर दाखल क्रमांक नसतो ना! क्रमांक नाही म्हणजे पुस्तक नाही, पुस्तक नाही म्हणजे पैसे नाहीत.

म्हणजे गोविंदाग्रजांच्या कवितेकडून राम गणेश गडकऱ्यांच्या नाटकांकडे आणि बाळकरामच्या विनोदाकडे नेणारं कार्ड गेलं. विभावरी शिरूरकर, मालती बेडेकर आणि लग्नाआधीच्या बाळूताई खरे ह्या एकच, हे सांगणारं कार्ड गेलं. मराठीत तर ही कार्डं इंग्रजीपेक्षा जास्त लागतात. आपल्याकडे कवी टोपणनावाने लिहितो, नाटककार आद्याक्षरांनी, आणि बाईचं आडनाव मध्येच बदलतं.

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "बेन, कम्प्यूटर बधुं शोधी आपशे." म्हणजे कम्प्यूटर सगळं शोधून देईल. मी म्हटलं, साहेब, कम्प्यूटर तुम्ही जे टाइप कराल तेच शोधेल. ते हसले. मग मी त्यांच्याच टेबलावरच्या कम्प्यूटरवर सयाजीराव महाराज गायकवाडांना शोधून दाखवलं. तेव्हा देवनागरीची सोय नव्हती, सगळं रोमनमध्ये भरलेलं. गायकवाड हे नाव जुन्या इंग्रजी प्रकाशनांत शेवटी 'आर' लावून येतं, बडोद्याच्या ओरिएंटल सीरिज ह्या ग्रंथमालेवर 'एई' आणि शेवटी 'डी', आणि हल्लीच्या पुस्तकांत 'एआय' आणि 'डी'. प्रत्येक स्पेलिंगला वेगळी यादी आली आणि एका यादीला दुसरीचा पत्ता नाही. बडोद्यात बसून सयाजीराव सापडत नाहीत! साहेब शांतपणे म्हणाले, "तो स्पेलिंगचा प्रॉब्लेम आहे, कॅटलॉगचा नाही."

ह्या एका वाक्यावर मी आजही भांडू शकते. नाव कसं लिहायचं हे ठरवणं आणि बाकीच्या रूपांवरून तिथे वाट काढून देणं, ह्याशिवाय कॅटलॉग म्हणजे दुसरं काय असतं? नुसती यादी तर रद्दीवालाही करतो.

आणि हा वाद साहेबांनी काढलेला नाही, तो पावणेदोनशे वर्षं जुना आहे. ग्रंथपाल पानित्झींनी ब्रिटिश म्युझियमच्या कॅटलॉगसाठी १८४१ मध्ये ९१ नियम छापले, तेव्हाही लोकांनी हेच विचारलं की पुस्तकांची यादी करायला एवढं कायद्याचं पुस्तक कशाला. १८४७ मध्ये रॉयल कमिशन बसलं, त्याच्यासमोर त्या माणसाला आपले नियम एकेक करून समजावून द्यावे लागले. अमेरिकन ग्रंथपाल कटर ह्यांचे नियम १८७६ मध्ये आले, त्यांचा सगळा भर वाचकाला काय लागतं ह्यावर: लेखक माहीत असेल तर पुस्तक सापडावं, आणि त्या लेखकाचं ग्रंथालयात काय काय आहे हेही कळावं. ह्यातला दुसरा भाग वाचा परत. खानोलकरांचं सगळं दाखवा म्हटल्यावर कविता वगळून यादी देणारा कॅटलॉग नापास आहे, मग तो कार्डांचा असो नाहीतर क्लाउडवरचा.

कॅटलॉगिंगच्या तत्त्वांवरची १९६१ ची पॅरिस परिषद वर्गात अर्ध्या तासात उरकतात. माझ्या मते मराठी माणसाने तीच नीट वाचायला हवी. तिथे इफ्ला ह्या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या छत्राखाली जगभरच्या लोकांनी ठरवलं, की लेखकाच्या नावातला कुठला शब्द आधी घ्यायचा, हे शक्यतो त्या लेखकाच्या देशातल्या रूढीप्रमाणे ठरावं. म्हणजे निर्णय त्यांनी आपल्यावर सोडला होता! तुकारामांना 'तुकाराम'खाली ठेवा आणि फडक्यांना 'फडके'खाली, हे लंडनने किंवा वॉशिंग्टनने ठरवायचं नव्हतं. आपण काय केलं? १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय मराठी पुस्तकं विकत घेऊन त्यांच्या नोंदी करू लागलं, आणि आपण त्या नोंदी डाउनलोड करायला शिकलो. त्यांचं काम वाईट नाही, बऱ्याचदा आपल्यापेक्षा चोख आहे. लाज त्याचीच वाटते.

ज्या बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डेन ह्या ग्रंथपालांना आणून संस्थानभर ग्रंथालयं उभी केली, जिथून त्या काळात ग्रंथालयशास्त्राचं मासिक इंग्रजी-गुजरातीबरोबर मराठीतही निघायचं, तिथेही मराठी लेखकांच्या नावांची एक सामाईक ऑथॉरिटी फाइल, म्हणजे ठरलेलं नाव आणि त्याची बाकीची रूपं जोडणारी यादी, झाली नाही. आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९३४ मध्ये आपली स्वतंत्र तालिका-संहिता, म्हणजे कॅटलॉगचे नियम, लिहून मोकळे झाले होते. आपण त्यांची जयंती साजरी करतो, हार घालतो, पेढे वाटतो.

बरं, आरडीए. १९६७ चं एएसीआर दोन वेगवेगळ्या पाठांत निघालं, ब्रिटिश आणि उत्तर अमेरिकन, कारण दोघांचं एकमत झालं नाही. १९७८ च्या एएसीआर-२ मध्ये ते एक झाले. तिसरी आवृत्ती करायला बसले आणि २००५ मध्ये मांडणीच बदलली, त्याचं झालं आरडीए. प्रसिद्ध झालं २०१० मध्ये, लायब्ररी ऑफ काँग्रेसने लागू केलं ३१ मार्च २०१३ ला. परीक्षेत जे फरक विचारतात, म्हणजे तीनपेक्षा जास्त लेखक असले तर फक्त पहिला घ्यायचा हा नियम गेला, लॅटिन संक्षेप गेले, माध्यमाच्या एका शब्दाऐवजी मार्कमध्ये ३३६, ३३७, ३३८ ही तीन फील्डं आली, ते सगळे वरवरचे आहेत. एका संध्याकाळी होतात. तीन लेखकांची मर्यादा गेली हे मात्र उत्तम झालं, आपल्या गौरवग्रंथांच्या संपादक मंडळांना न्याय मिळाला.

खरा बदल त्याच्या मुळाशी आहे, १९९८ चं एफआरबीआर आणि २०१७ चं एलआरएम, म्हणजे पुस्तकाकडे कसं बघायचं ह्याचे इफ्लाचे आराखडे. एक मराठी नाटक घ्या. नाटक ही कृती. मूळ मराठी पाठ ही एक अभिव्यक्ती, गुजराती अनुवाद ही दुसरी. अमुक प्रकाशकाची अमुक आवृत्ती हा त्याच्या खालचा टप्पा, आणि तुमच्या कपाटातली चहा सांडलेली ती प्रत. गुजराती नाटककाराने रूपांतर केलं असेल, पात्रं बडोद्यात आणून बसवली असतील, तर ती नवी कृती. हे एवढं कळलं की बाकीचं आरडीए त्यातून उलगडतं. आरडीए ऑनलाइन वाचायची जी नवी टूलकिट २०२० च्या डिसेंबरात अधिकृत झाली तिच्यात जुने अध्याय आणि नियम-क्रमांक राहिलेच नाहीत. नवख्या माणसाने त्यात शिरावं असं ते लिहिलेलं नाही, हे माझं स्पष्ट मत. एएसीआर-२ चं पुस्तक निदान बोट ठेवून वाचता यायचं.

पुढचं भवितव्य म्हणाल तर मार्क जाणार असं मी नोकरीभर ऐकलं. हेन्रिएट अॅव्हरम ह्या बाईंनी ते १९६० च्या दशकात घडवलं, अजून चालू आहे. त्याच्या जागी २०१२ पासून बिबफ्रेम नावाची नवी मांडणी येतंय म्हणतात. येईल. त्यात नोंद म्हणजे एक अखंड कार्ड राहणार नाही, माणूस, कृती, प्रत ह्यांना वेगवेगळे ओळख क्रमांक आणि त्यांच्यामधले धागे. म्हणजे फिरून फिरून तेच, जे एजन्सीच्या मुलांनी खोक्यात टाकलं होतं. पॅरिसच्या तत्त्वांत सहसा एका लेखकाला एकच शीर्षक होतं. एएसीआर-२ च्या १९८८ च्या सुधारणेत आधुनिक लेखकांच्या टोपणनावांना स्वतंत्र ओळख मिळाली, आरडीएने ती ठेवली. 'पाहा'चं 'हेही पाहा' झालं, जोडणारा धागा कुठल्याच संहितेने काढून टाकला नाही. तो आमच्या साहेबांनी काढला. आणि काही वर्षांनी ह्याच साहेबांनी एका परिसंवादात लिंक्ड डेटावर, म्हणजे ह्याच धाग्यांवर, पेपर वाचला. मी तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या नाहीत.

म्हणून तुम्ही ऑथॉरिटी रेकॉर्ड शिका. मार्कमधले १०० (ठरलेलं नाव), ४०० ('पाहा') आणि ५०० ('हेही पाहा') हे तीन टॅग झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवेत, आणि पुस्तकाच्या नोंदीत देवनागरी रूपासाठी ८८०. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या कम्प्यूटरवर टाका आणि त्याचं ऑथॉरिटी मोड्यूल वापरून बघा. व्हियाफवर, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांच्या ऑथॉरिटी नोंदी एकत्र करणाऱ्या साइटवर, मराठी लेखक शोधा, एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी दिसतील. विकिडेटा ह्या विकिपीडियाच्या भावंडावर दुरुस्त करता येईल ते करा, तिथे कोणाच्या सहीची गरज नाही.

आता थोडं सावरून घेते. मी छापील पुस्तकांची आणि त्यातही मराठीची बाई. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-जर्नल सांभाळणाऱ्यांना ह्यातलं बरंच फिजूल वाटेल, आणि इंग्रजी पुस्तकांची तयार नोंद मिळत असताना हाताने करत बसणं खरोखर मूर्खपणाचं आहे. सगळी ग्रंथालयं आमच्यासारखी नसतात. साहेबांची बाजूही सांगायला हवी: निधी मार्चअखेर संपवायचा होता, नाहीतर परत गेला असता, आणि टेंडरमध्ये संदर्भ कार्डांचा दर कोणी घातलाच नव्हता. पण दर घालता आला असता. मी लेखी मागितला होता, त्या अर्जाची पोच अजून माझ्याकडे आहे.

आणि आरडीए टूलकिटची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं प्रशिक्षण साहित्य फुकट वाचायला मिळतं, मुलाखतीपुरतं तेवढं पुरे. मुलाखतीत मार्कबद्दलच विचारतील. ऑथॉरिटीबद्दल कोणी विचारलंच, तर ती नोकरी घ्या.