फिंचच्या चोचीचा प्रकल्प: सतरंजीवर थोडा दुष्काळ हवा

नेरुळच्या ताईंचा प्रश्न असा आहे: आठवीतल्या मुलीला विज्ञान प्रदर्शनात पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरच्या फिंच या लहान पक्ष्यांच्या चोची दाखवायच्या आहेत. चार अवजारं आणि प्रत्येकाला जमेल असं एकेक धान्य, असा बेत आहे. तक्त्यावर "कठीण बिया खाऊन खाऊन चोच मोठी झाली" असं लिहिलं तर चालेल का?

ताई, सगळ्यात आधी ते वाक्य खोडा. बिया फोडून कुठल्याही पक्ष्याची चोच जाड होत नाही. चोचीवरचं कठीण आवरण नखासारखं झिजतं आणि पुन्हा वाढतं, पण आतल्या हाडाचा घाट पिल्लू मोठं होतानाच ठरतो आणि तो बहुतांशी आईबापांकडून आलेला असतो. पक्षी आहे त्या चोचीनिशी जगतो किंवा मरतो. कोण मेलं आणि कोणाची पिल्लं झाली, यावरून पुढच्या पिढीची सरासरी हलते.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावरचा आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य 1973 पासून तिथल्या पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या चोची मोजत होतं. 1977 मध्ये तिथे पावसाळाभरात जेमतेम 24 मिलीमीटर पाऊस झाला. ठाण्यात जुलैतली एखादी जोरदार सर तेवढं पाणी देऊन जाते. मध्यम भूफिंच या तिथल्या फिंचच्या जातीने मऊ, बारीक बिया आधी संपवल्या. नवं गवत उगवलंच नाही. मग उरली ती सराट्याची काटेरी फळं. आपल्याकडे घाटावर सायकलच्या चाकात घुसतो त्या सराट्याचीच ही जवळची प्रजाती, फक्त फळ मोठं. ज्यांची चोच जरा खोल, म्हणजे वरून खाली जाड, त्यांना ते फळ फुटलं. बाकीचे उपाशी मेले. जवळपास 85 टक्के पक्षी गेले, आणि वाचलेल्यांच्या पिल्लांची चोच आधीच्या पिढीपेक्षा सरासरी सुमारे अर्धा मिलीमीटर जाड निघाली. अर्धा मिलीमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण तिथे जगणं आणि मरणं यांत तेवढंच अंतर होतं.

जाड चोचीला जोर कुठून येतो, हे दाखवायला घरातला अडकित्ता पुरेसा आहे. सुपारी पात्यांच्या टोकाशी धरली तर हात दुखतो. तीच बिजागरीजवळ सरकवली की कटकन फुटते. भूफिंचही कठीण बी चोचीच्या मुळाशी नेऊन दाबते. चोच खोल असली की तो दाब पेलताना ती मोडत नाही, आणि जबड्याचे स्नायूही त्या मानाने दणकट असतात.

आता तुमच्या बेतातली खरी अडचण. प्रत्येक अवजाराला त्याचं धान्य वेगळं काढून दिलं की सगळेच पोटभर जेवतात आणि निवड, म्हणजे काहींचं तरणं आणि काहींचं मरणं, होतच नाही. पाऊस चांगला झाला की बेटावरही वेगवेगळ्या चोचींचे पक्षी तेच सोपं अन्न खातात. चोचीतला फरक कामाला येतो टंचाईत. म्हणून अन्न एकत्र ठेवा आणि संपलं तरी पुन्हा भरू नका.

नऊ मुलं घ्या. तिघांना भुवयांचा चिमटा, तिघांना नोज प्लायर, तिघांना साधी पक्कड. सतरंजीवर 15 ग्रॅम ज्वारी (साधारण चारशे दाणे) आणि भुईमुगाच्या 50 शेंगा पसरा. प्रत्येकाचा कागदी पेला जमिनीवर, दुसरा हात पाठीमागे. एक मिनिटाची फेरी. ज्वारीच्या दाण्याला एक गुण. शेंग अवजारानेच फोडून दाणे पेल्यात टाकले तर दहा. वीसच्या खाली राहील तो मेला. पहिल्या फेरीत बहुतेक सगळे तरतील, तरले पाहिजेत. दुसरी आणि तिसरी फेरी उरलेल्यावरच. ज्वारी संपत येते, चिमटेवाले गळू लागतात. तिसऱ्या फेरीनंतर वाचलेल्यांनी बाद झालेल्यांच्या हातात आपल्यासारखंच अवजार द्यायचं, ती त्यांची पिल्लं. प्रत्येक फेरीनंतर कुठलं अवजार किती हातांत आहे ते फळ्यावर लिहा. तीच तुमची मुख्य आकृती.

एखादा चिमटेवाला टिकला असेल तर चौथ्या फेरीत शेंगा उचलून फक्त तीळ पसरा. पक्कडवाल्यांची तारांबळ उडते. डॅफ्नीवरही असंच घडलं: 1983 च्या एल निनोत, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापलं तेव्हा, धो धो पाऊस पडला, बारीक बियांचं रान माजलं, आणि त्यानंतरच्या कोरड्या काळात लहान चोचवाले सरस ठरले. चिमटे आधीच पार संपले असतील तर तसंच नोंदवा. जे वाण उरलंच नाही, त्याची पिल्लं कुठून येणार?

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. गोणपाट वापरलं तर तीळ विणीत अडकतात. स्टीलच्या ताटात ज्वारी घरंगळते आणि चिमट्यावर उगाच अन्याय होतो. आणि शेंगा सादळल्या की फुटत नाहीत, नुसत्या दबतात, मग पक्कडही हरते. आपल्याकडच्या दमट हवेत हे हमखास होतं, तेव्हा शेंगा कोरड्या भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घरी एकदा रंगीत तालीम करा आणि वीसचा आकडा मुलांच्या वेगाप्रमाणे कमीजास्त करा. तीन अवजारं म्हणजे तीन जातींइतका मोठा फरक आहे, डॅफ्नीवर एकाच जातीची सरासरी हलली ती अर्ध्या मिलीमीटरने, हेही तक्त्यावर प्रामाणिकपणे लिहा.

बाकीच्या जातींना एकेक ओळ पुरे. निवडुंग फिंच लांबट चोचीने फड्या निवडुंगाच्या फुलांतला मध आणि पराग खाते. वूडपेकर फिंचला सुतार पक्ष्यासारखी लांब जीभ नाही, म्हणून ती काटा किंवा काडी चोचीत धरून ढोलीतली अळी उकरते. वुल्फ आणि डार्विन बेटांवरची व्हँपायर फिंच समुद्रपक्ष्यांना चोच मारून त्यांचं रक्त पिते. खारफुटी फिंच आता शंभराच्या आसपासच उरली आहे. ठाणे खाडीच्या काठी राहणाऱ्यांनी तिची ओळ गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

"फिंच पाहताच डार्विनला उत्क्रांतीचा सिद्धांत सुचला" हेही लिहू नका. 1835 मध्ये त्याने नमुने गोळा केले, पण कुठला पक्षी कुठल्या बेटाचा याची नीट नोंद ठेवली नव्हती. हे सगळे एकमेकांचे जवळचे नातलग आहेत हे 1837 मध्ये लंडनला जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने सांगितलं.

शेवटचं, आपल्याकडच्या दाणे खाणाऱ्या मुनियांबद्दल. दाणे सोलणारी चोच बघायला खारघरच्या किंवा येऊरच्या बाजूला पावसाळा सरताना गवत पिकलेलं असतं तिथे जा. ठिपकेदार मुनिया गवताच्या ताटाला लटकून बी काढताना दिसते. तिचं आणि गालापागोसच्या फिंचचं जवळचं नातं नाही (ते पक्षी टॅनेजर कुळातले), पण दोघांचं अन्न सारखं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून चोच मात्र सारखी घडली. पिंजऱ्यातली मुनिया प्रदर्शनात आणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती पाळणं गुन्हा आहे. त्याऐवजी ठाण्याच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानातून 50 ग्रॅम गोखरू आणा. तो सराटाच. चार फळं पुठ्ठ्यावर चिकटवा, शेजारी चिमटा आणि पक्कड ठेवा, आणि बघणाऱ्यांना एकेक फोडून बघू द्या. काटे टोचतात, तेव्हा फळ हाताने न धरता लाकडी पाटावर ठेवून दाबायला सांगा.